माफी नाकारणारे छत्रपती आणि त्यांचा वकील

साताऱ्याची गादी इतिहासात दोनदा उभी राहिली. पहिल्यांदा ती 1708 मध्ये शाहू महाराजांनी उभी केली. दुसऱ्यांदा 1818 मध्ये, पेशवाई बुडाल्यावर, ईस्ट इंडिया कंपनीने ती छत्रपती प्रतापसिंह यांच्यासाठी उभी केली. हे दुसरे राज्य जेमतेम एकतीस वर्षे टिकले. लढाया आणि मोहिमा त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. मैत्री म्हणून झालेला एक तह, न केलेल्या गुन्ह्यासाठी देऊ केलेली एक माफी आणि धनी परागंदा झाल्यावरही त्याची बाजू न सोडणारा एक वकील, हाच या राज्याचा खरा इतिहास आहे.

प्रतापसिंहांचा जन्म 1793 चा. ते 1808 मध्ये छत्रपती झाले तेव्हा गादी नावापुरती उरली होती. कारभार पुण्यात चाले आणि छत्रपती साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत असत. इंग्रजांशी लढाई जुंपताच पेशवा दुसऱ्या बाजीरावाने त्यांना आधी वासोटा किल्ल्यावर ठेवले, मग आपल्या लष्कराबरोबर फिरवले. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने त्यांना साताऱ्यात गादीवर बसवले. मराठा सरदारांना आणि रयतेला शांत ठेवण्यासाठी कंपनीलाही शिवाजी महाराजांच्या वंशजाची गरज होती.

राज्याच्या अटी 25 सप्टेंबर 1819 च्या तहात ठरल्या. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख अशी ही सीमा होती. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा आणि खानापूर हे भाग त्यात येत. जतचे डफळे, औंधचे पंत प्रतिनिधी, भोरचे पंत सचिव, फलटणचे निंबाळकर, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरा या जहागीरदारांच्या हक्कांची हमी कंपनीने घेतली. राज्य महाराज आणि त्यांचे वारस यांच्याकडे निरंतर राहील, असे वचन तहात होते. त्याच्या शेजारीच एक कडक अट होती: साताऱ्यातील कंपनीच्या प्रतिनिधीला, म्हणजे रेसिडेंटला, बाजूला ठेवून बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी किंवा माणसाशी पत्रव्यवहार करायचा नाही. अट मोडली तर राज्य जाईल. पुढचे सगळे रामायण या एका कलमावरून घडले.

सुरुवातीची वर्षे मात्र खरोखर सलोख्याची होती. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने तरुण महाराजांना कारभाराचे धडे दिले आणि 1822 मध्ये पूर्ण अधिकार त्यांच्या हाती सोपवले. महाराजांनी त्याला मराठ्यांच्या इतिहासासाठी कागदपत्रे मिळवून दिली. त्यावर आधारलेला ग्रंथ 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतापसिंहांनी रस्ते आणि शाळा बांधल्या, शहराच्या पाण्याची सोय केली. ते पहाटेपासून स्वतः दप्तरात बसत आणि रोजनिशी लिहीत. महाबळेश्वरचे डोंगरमाथ्यावरील ठाणे त्यांनी 1828 च्या सुमारास कंपनीला दिले आणि बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव घेतले. ग्रँट डफनंतर आलेले ब्रिग्ज आणि रॉबर्टसन हे रेसिडेंटही त्यांच्याविषयी चांगलेच मत ठेवून गेले.

फाटा फुटला तो जहागीरदारांच्या प्रश्नावर. जहागिरींवर अधिकार कोणाचा, छत्रपतींचा की कंपनीचा, यावर वाद सुरू झाला. लंडनच्या संचालकांचा कौल महाराजांकडे झुकला, तरी मुंबई सरकारने तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. महाराजांनी थेट लंडनला वकील पाठवण्याचे ठरवले आणि मुंबईकरांच्या मनात अढी बसली. त्यातच साताऱ्यात चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्त अधिकाराचा, म्हणजे वैदिक मंत्रांनी संस्कार करण्याच्या हक्काचा, वाद पेटला. महाराजांनी प्रभूंची बाजू घेतली. इंग्रजांचे विश्वासू बाळाजीपंत नातू विरोधी गटात होते, आणि सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांचाही कल तिकडेच होता. घरचे शत्रू आणि बाहेरचे शत्रू इथे एकत्र आले.

1836 मध्ये आरोप पुढे आले. महाराजांनी साताऱ्यातील देशी पलटणीच्या शिपायांना फितवण्याचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, आणि पदच्युत होऊन जोधपूरला राहिलेल्या नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रे चालवली, असे ते आरोप होते. लॉडविक, ओव्हान्स आणि विलोबी या इंग्रज अधिकाऱ्यांच्या गुप्त समितीने साक्षी घेतल्या. आरोपीला साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली नाही, पुराव्याची कागदपत्रेही रीतसर दाखवली नाहीत. उघड न्यायालयापुढे हा खटला कधीच चालला नाही, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वात गंभीर गोष्ट आहे. पुराव्यातील पत्रे बनावट असल्याचे आक्षेप पुढे वर्षानुवर्षे घेतले गेले.

ऑगस्ट 1839 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नक स्वतः साताऱ्याला आला. चौकशी लांबवण्यापेक्षा प्रकरण मिटवावे असा त्याचा हेतू होता. महाराजांनी तहाविरुद्ध वागल्याचे मान्य करणाऱ्या कागदावर सही करावी, पुढच्या अटी पाळाव्यात, आणि सरकारने सगळे विसरून जावे. गादी, मुलूख, मान सगळे शाबूत राहणार होते. प्रतापसिंहांनी सही केली नाही. इतर अटींवर बोलणी करायला ते तयार होते, पण न केलेला विश्वासघात कबूल करून मिळणारे राज्य त्यांना नको होते. त्या काळच्या हिंदुस्थानात अशा सहीला फारशी किंमत नव्हती. अनेक संस्थानिकांनी ती बिनदिक्कत केली असती. म्हणूनच हा नकार मोठा ठरतो.

5 सप्टेंबर 1839 रोजी त्यांना पदच्युत केले. ओव्हान्सने रात्री वाड्यातून त्यांना हलवून जवळच्या लिंब गावी नेले, आणि तिथून त्यांची रवानगी काशीला झाली. त्यांचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती यांनी त्यांची साथ सोडली नाही आणि ते त्या प्रवासातच वारले. गादीवर कंपनीने महाराजांचे धाकटे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांना बसवले. सख्ख्या भावांची ही फाटाफूट अनेक सातारकरांना राज्य गेल्यापेक्षाही अधिक झोंबली.

रंगो बापूजी गुप्ते यांची कामगिरी इथून सुरू होते. रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातले, शिवकाळातील दादाजी नरसप्रभूंचे हे वंशज. महाराजांचे गाऱ्हाणे संचालकांपुढे आणि पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी ते लंडनला गेले आणि 1853 अखेरपर्यंत तिथेच राहिले. बाकीचे वकील एकेक करून परतले. त्यांतल्या काहींशी तर वितुष्ट आले. रंगो बापूजी इंग्रजी शिकले, कर्ज काढून राहिले, पत्रके छापून वाटत राहिले, कंपनीच्या भागधारकांच्या सभा गाठत राहिले. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत नाव मिळवलेला जॉर्ज थॉम्प्सन आणि पार्लमेंटचा सभासद जोसेफ ह्यूम त्यांच्या बाजूने उभे राहिले. साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज आणि रॉबर्टसन यांनी महाराजांच्या सचोटीची ग्वाही दिली. गुप्त समितीत बसलेला लॉडविकही पुढे त्यांच्या बाजूने बोलला. इतके होऊनही कंपनीने निर्णय फिरवला नाही.

प्रतापसिंह 14 ऑक्टोबर 1847 रोजी काशीत वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी बाळासाहेब सेनापतींचा मुलगा दत्तक घेतला होता. तिकडे साताऱ्यात शहाजी महाराज 5 एप्रिल 1848 रोजी गेले. त्यांनीही दत्तक घेतला होता. रेसिडेंट बार्टल फ्रियर याने दत्तक मान्य करावा असे कळवले, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने 1849 मध्ये राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून बुडवलेले हे पहिले मोठे संस्थान. 1819 च्या तहातील ‘निरंतर’ तिथेच संपले. त्याच सुमारास, 1846 मध्ये, सांगलीच्या चिंतामणरावांना कंपनीने त्यांच्या एकनिष्ठेबद्दल मानाची तलवार दिली होती, आणि त्यांचे संस्थान 1948 पर्यंत टिकले. कंपनी निष्ठा कशाला म्हणे, हे या दोन नशिबांत उघड दिसते.

मालक गेला, राज्यही गेले, तरी रंगो बापूजी दत्तक वारसासाठी लंडनमध्ये आणखी काही वर्षे झगडले. 1853 नंतर ते परतले. अर्ज-विनंत्यांचा मार्ग संपल्यावर त्यांनी दुसरा मार्ग धरला. 1857 मध्ये सातारा भागात उठावाची गुप्त तयारी सुरू झाली. जूनमध्ये शिपायांना चिथावल्याबद्दल मानसिंग नावाच्या चपराशाला फाशी झाली. ऑगस्टमध्ये राजघराण्यातील मंडळींना साताऱ्यातून हलवून मुंबईजवळच्या बेटावर नेले. 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्ताची शिक्षा दिली गेली: पाच फासावर गेले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले आणि सहा जणांना गोळ्या घातल्या. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता.

स्वतः रंगो बापूजी मात्र निसटले. त्यांना पकडून देणाऱ्यास 500 रुपयांचे इनाम लावले होते. ते कोणालाच मिळाले नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी 1948 मध्ये त्यांचे चरित्र लिहिले आणि एका पिढीला हा इतिहास पुन्हा माहीत झाला. साताऱ्यात 1857 च्या हुतात्म्यांचे स्मारक चार भिंती इथे आहे. ती वास्तू मूळची प्रतापसिंहांच्याच काळातली.