दोन राज्यांची एक आगगाडी : कुंब्रेस-टॉल्टेक मार्गाची वहिवाट व जीर्णोद्धार

पोथी, ताम्रपट, नाणें, शिक्का ह्या साधनांची परीक्षा कशी करावी हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पोथी वाळवीपासून राखून रुमालांत बांधून ठेविली, म्हणजे तिचें साधन म्हणून असलेलें मोल बहुतेक शाबूत राहतें. ती कोणी वाचो न वाचो, अक्षर जागच्या जागीं असतें. परंतु कांहीं साधनें अशीं आहेत कीं, तीं बांधून ठेविलीं तर मुकीं होतात आणि चालविलीं तर झिजतात. वाफेचें इंजिन व त्याचा लोहमार्ग हें अशा साधनाचें ठळक उदाहरण होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोरॅडो व न्यू मेक्सिको ह्या दोन राज्यांनीं मिळून १९७० सालीं विकत घेतलेल्या कुंब्रेस-टॉल्टेक मार्गाची हकीकत ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. विषय आपल्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा खरा. पण त्यांतून निघणारा प्रश्न आपलाच आहे. मूळ कशास म्हणावें, आणि जीर्णोद्धार करतां करतां मुळाचा लोप होऊं नये म्हणून काय करावें?

ह्या मार्गाचा मूळपुरुष जनरल विल्यम जॅक्सन पामर. त्यानें १८७० सालीं डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही कंपनी स्थापन केली व रुळांमधील अंतर तीन फूट ठेविलें. मापाची कल्पना यावी म्हणून सांगतों कीं, आपला नेरळ-माथेरानचा मार्ग दोन फुटी आणि जुनी बार्शी लाइट अडीच फुटी. तेव्हां हा मार्ग त्यांहून थोडा रुंद, पण आपल्या मोठ्या गाडीच्या साडेपांच फुटांपुढें अरुंदच. अरुंद मार्ग डोंगराच्या अंगालगत तीव्र वळणें घेत नेतां येतो व त्यास खर्च कमी लागतो. सान हुआन पर्वतांतील रुप्याच्या खाणींच्या ओढीनें १८८० सालीं अॅलामोसाहून काम सुरू झालें. त्या वर्षाच्या अखेरीस रूळ चामा गांवीं पोंचले आणि १८८२ सालीं सिल्व्हर्टन ह्या खाणीच्या गांवास. पुढें १८९३ सालीं सरकारनें रुपें खरेदी करण्याचा कायदा रद्द केला व भाव कोसळला. कंपनीचे मुख्य मार्ग रुंद झाले. हा आडरानांतला फाटा मात्र तसाच राहिला. आपल्याकडील कित्येक दप्तरें वारसांच्या भक्तीनें नव्हे तर त्यांच्या दारिद्र्यानें व आळसानें वांचलीं, हें संग्राहकांस ठाऊक आहेच. ह्या फाट्याचेंही तसेंच झालें. नवें करण्याइतका पैसा येथें कोणास मिळालाच नाहीं.

१९५१ सालीं उतारूंची गाडी बंद पडली. तेलाच्या व वायूच्या विहिरींस लागणाऱ्या नळांच्या वाहतुकीनें मालगाडी आणखी कांहीं वर्षें तगली; ती १९६८ सालीं थांबली. मार्ग उखडण्याची परवानगी कंपनीनें १९६७ सालीं मागितली होती, ती १९६९ सालीं मिळाली. ह्या वेळीं दोन्ही राज्यांतील हौशी लोकांनीं व कांहीं मुत्सद्द्यांनीं उचल खाल्ली, आणि १९७० सालीं अँटोनिटो ते चामा हा सर्वांत उंच व सर्वांत अवघड असा ६४ मैलांचा तुकडा ५,४७,१२० डॉलरांस दोन्ही राज्यांच्या नांवें झाला. चामाच्या पश्चिमेकडील रूळ लवकरच उखडले गेले.

ह्या खरेदीचें खरें महत्त्व किंमतींत नाहीं, यादींत आहे. केवळ सुंदर देखाव्यासाठीं चार डबे व एक इंजिन घेतलें असतें, तर मुलांस बसावयास एक खेळ झाला असता. राज्यांनीं घेतलीं तीं नऊ इंजिनें, शंभरांहून अधिक वाघिणी, बर्फ फोडण्याचीं साधनें, पाण्याच्या टांक्या, आणि चामा येथील सबंध यार्ड व कारखाना. १९२४ सालचा कोळसा भरण्याचा लांकडी मनोरा त्यांतच आला. म्हणजे एखाद्या घराण्याचे चार निवडक कागद न उचलतां, खर्डे, हिशेबाचे ताळे व फाटके लखोटे ह्यांसह सबंध दप्तर उचलावें तसें झालें. अभ्यासकास निवडक कागदाहून असें दप्तर किती अधिक बोलतें, हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं. १९७३ सालीं ह्या मार्गाची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदींत दाखल झाली, आणि २०१२ सालीं त्यास त्या देशांतील सर्वांत वरच्या दर्जाचें ऐतिहासिक स्थळ ठरविण्यांत आलें.

आतां वहिवाटीकडे वळूं. मार्ग दोन राज्यांची सीमा अकरा वेळां ओलांडतो. तेव्हां अमक्या मैलाचा मालक अमका, अशी वांटणी करणें व्यवहार्य नव्हतें. म्हणून दोन्ही राज्यांनीं करार केला. अशा करारास तेथील मध्यवर्ती विधिमंडळाची संमति लागते, ती १९७४ सालीं मिळाली. करारान्वयें चार जणांचें एक मंडळ आहे: प्रत्येक राज्याचा गव्हर्नर दोघांस नेमतो. समसमान संख्येच्या मंडळांत तिढा पडावा हें स्वाभाविक. शिवाय मोठ्या दुरुस्तीचा पैसा दोन विधिमंडळांकडून मागावा लागतो. एकानें दिला व दुसऱ्यानें हात आंखडला, तर पुलाचें अर्धें काम करून भागत नाहीं. तिकिटांच्या उत्पन्नावर रोजचा कोळसा व पगार निघतील. पण सव्वाशें वर्षांचे पूल आणि ६४ मैलांचीं लांकडी स्लीपरें तिकिटांवर बदलतां येत नाहींत. गाडी चालविण्याचें काम मंडळानें बराच काळ निरनिराळ्या मक्तेदारांकडे सोंपविलें, व अलीकडे तें स्वतःच्या हातीं घेतलें. आमच्या मतें हें उशिरां सुचलेलें शहाणपण होय. इनाम गांव खोतानें चालवावें तसें मक्तेदार चालवितो: चालू हंगामापुरतें पाहतो. मे अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचाच हंगाम. उरलेल्या बर्फाच्या महिन्यांत उत्पन्न नाहीं, आणि खरी दुरुस्ती त्याच महिन्यांत करावयाची असते.

ती दुरुस्ती कशी असते हें पाहिल्यावांचून ह्या खटाटोपाची किंमत कळणार नाहीं. मार्गावरील मुख्य इंजिनें 'के-३६' ह्या जातीचीं, १९२५ सालीं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यांत झालेलीं. त्यांतील ३६ हा आंकडा ओढण्याच्या जोराचा, म्हणजे सुमारें ३६ हजार पौंडांचा. चामापासून कुंब्रेस खिंडीपर्यंत चौदा मैलांत मार्ग दोन हजार फुटांहून अधिक चढतो. खिंड समुद्रसपाटीपासून १०,०१५ फूट उंच आहे, आणि दर शंभर फुटांस चार फूट असा चढ आहे. ह्या चढावर फायरमन फावडें हातचें ठेवूं शकत नाहीं. भट्टीच्या छतावर पाणी नेहमीं असलें पाहिजे, हें त्याचें पहिलें व शेवटचें व्रत. तें छत उघडें पडलें तर पोलाद तापून मऊ होतें व वाफेच्या दाबानें खालीं फाटतें. १९९५ सालीं पेनसिल्व्हेनियांतील गेटिसबर्ग येथें एका सहलीच्या गाडीवर असेंच झालें व इंजिनावरील तिघे भाजले. त्या अपघाताच्या चौकशीनंतर मध्यवर्ती सरकारनें १९९९ सालीं बॉयलरांचे नियम नव्यानें बांधले. इंजिन कामाचे १,४७२ दिवस चाललें, किंवा पंधरा वर्षें लोटलीं, ह्यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां त्याच्या सर्व नळ्या काढून बॉयलर आंतून-बाहेरून तपासावा लागतो, पत्र्याची जाडी ठिकठिकाणीं मोजावी लागते, आणि ताकदीचें सबंध गणित एका ठराविक नमुन्याच्या कागदावर मांडून दाखल करावें लागतें. भट्टीचा पत्रा व बाहेरील कवच ह्यांस जोडणाऱ्या शेंकडों खिळ्यांच्या पोटांत बारीक भोंकें ठेवलेलीं असतात. खिळा आंत मोडला तर त्या भोंकांतून वाफ डोकावते व दोष आपण होऊन कळतो. असे खिळे बसविणारा व हातोडी वाजवून आवाजावरून पारखणारा कारागीर आज बाजारांत मिळत नाहीं. तो त्याच यार्डांत तयार करावा लागतो, व इंजिन चालतें आहे तोंवरच तयार होतो.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, नळ्या नव्या, खिळे नवे, पत्र्याचे तुकडे नवे, चाकांच्या लोखंडी धावा नव्या. मग १९२५ सालचें उरलें काय? आक्षेप वजनदार आहे. पण ह्या यार्डांतील इंजिनें तपासलीं म्हणजे त्याचें रूप बदलतें. ४६३ क्रमांकाचें इंजिन १९०३ सालचें. तें जन्मतः एकच वाफ दोनदां वापरणाऱ्या जोड-नळकांड्यांचें होतें, व कंपनीनेंच पुढें तें साधें करून टाकलें. 'के-३७' जातीचीं इंजिनें तर ह्याहून चमत्कारिक: १९०२ सालच्या रुंद मार्गाच्या इंजिनांचे बॉयलर काढून १९२८ ते १९३० च्या सुमारास कंपनीच्या डेन्व्हर येथील कारखान्यांत अरुंद मार्गाच्या नव्या सांगाड्यांवर चढविले, आणि तीं झालीं. ह्यांत मूळ पाठ कोणता? ज्या ग्रंथाची प्रत लेखकानें स्वतःच तीनदां शोधिली, त्याच्या पहिल्या खर्ड्यास मूळ म्हणावें कीं शेवटच्या शोधित प्रतीस? वाफेच्या इंजिनाचा स्वभावच झीज भरून काढण्याचा आहे, आणि नळी बदलणें हा त्याच्या इतिहासाचाच भाग होय. त्यामुळें नवी नळी घातल्यानें इंजिन खोटें होत नाहीं. खोटें होतें तें नवी नळी जुनी म्हणून दाखविल्यानें, किंवा ती केव्हां व कां घातली ह्याची नोंद न ठेविल्यानें. बॉयलरच्या गणिताचा सरकारी कागद सुरक्षिततेसाठीं निघाला हें खरें; तथापि पुढील इतिहासकारास तोच ह्या यंत्राची शकावली ठरेल.

ह्याच न्यायानें वाघिणींच्या अंगावरील बारीक अक्षरांकडे पाहावें. रिकाम्या वाघिणीचें वजन केव्हां व कोणत्या ठिकाणीं केलें, आंसांच्या डब्यांत तेलाची भर केव्हां घातली, ह्यांच्या तारखा व ठिकाणांच्या खुणा रंगानें लिहीत. ह्या म्हणजे वाघिणीच्या पुष्पिकाच. १९८८ सालीं स्थापन झालेली ह्या मार्गाच्या स्नेह्यांची संस्था दर उन्हाळ्यांत स्वखर्चानें येऊन डबे, इमारती व पाट्या दुरुस्त करते. कोणत्या सालीं कोणता रंग व कोणतें अक्षर होतें ह्याचा शोधही तिच्या कामांत येतो. रंग खरवडण्यापूर्वीं अक्षरांचें माप व छायाचित्र घेतलें पाहिजे, एवढें आम्ही आग्रहानें म्हणूं. नवा सुबक रंग जुन्या पुष्पिकेचा जितका नाश करतो, तितका पावसानेंही होत नाहीं.

चालत्या साधनास आगीचें भय निराळें. २३ जून २०१० रोजीं लोबाटो येथील शंभर फूट उंचीच्या लोखंडी पुलास आग लागली. वरील लांकडें जळालीं व लोखंड वांकलें. पूल पुनः बांधून चालू होण्यास पुढील वर्षाचा उन्हाळा उजाडला, आणि तोंवर गाडी पूर्वेकडील बाजूसच धांवली. गाडीमागें लहान वाहनावरून माणूस धाडून ठिणग्या शोधण्याची जुनी वहिवाट आहे. पण अलीकडे अवर्षणानें रान इतकें सुकतें कीं तेवढ्यानें भागत नाहीं. शेजारच्या ड्युरँगो मार्गालगत २०१८ सालीं मोठा वणवा पेटला व भरपाईचा वाद न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर, २०२० नंतरच्या काळांत, कुंब्रेसवरील ४८९ क्रमांकाच्या इंजिनाची भट्टी कोळशाऐवजीं तेलावर घातली गेली.

जुन्या चालीच्या भक्तांस हा बदल रुचला नाहीं तर नवल नाहीं. तेल जाळणाऱ्या फायरमनचें काम वेगळें: फावडें जाऊन झडप येते, आणि डोळा धुराच्या रंगावर राहतो. कोळसा पसरण्याची, जाळ पातळ ठेवण्याची, चढ येण्याआधीं भट्टी भरून घेण्याची हातोटी एका पिढींत विसरली जाईल. उलट, रान पेटलें तर मार्गच राहणार नाहीं. आमचें मत असें कीं, तेल घालावें. पण निदान एका इंजिनाची भट्टी कोळशाचीच ठेवून, ओल्या दिवसांत कां होईना, तिच्यावर माणसें तयार करावीं. आणि ४८३ हें इंजिन, ज्यानें १९७० सालीं राज्यांच्या मालकीची पहिली हालचाल केली व जें नंतर दीर्घकाळ यार्डांत उभेंच राहिलें, त्यास हात लावण्याची घाई करूं नये. त्याच्या आंतील नळ्या, खिळे व पत्रे ज्या कारागिरांनीं कंपनीच्या अमदानींत बसविले, त्यांचें काम पाहावयास ती एक न शोधलेली प्रत आहे. तें चालवावयाचें ठरलेंच, तर निघेल तो प्रत्येक तुकडा क्रमांक घालून चामाच्याच कोठींत ठेवावा.