संगणकशास्त्राच्या अध्यापनाची पायाभरणी : प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांची अध्यापकीय कारकीर्द

प्रस्तावना

भारतातील संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या आगमनाच्या क्रमाने लिहिला जातो. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत 1955 साली आलेले यंत्र आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला, 1962 साली टिफ्रॅक असे नामकरण झालेला संगणक, हे त्यातील परिचित टप्पे होत. परंतु यंत्र येणे आणि विषय रुजणे या भिन्न घटना आहेत. विषय रुजण्यासाठी अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि पदवी यांची आवश्यकता असते. या तिन्हींच्या उभारणीत ज्यांचा मोलाचा वाटा आहे, त्या प्रा. राजारामन यांच्या कारकिर्दीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कानपूर : यंत्राकडून विषयाकडे

1933 साली जन्मलेल्या राजारामन यांचे शिक्षण दिल्ली, बंगळूर आणि पुढे अमेरिकेत झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी. संपादन करून 1963 साली ते कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी अमेरिकी सहकार्यातून तेथे आयबीएम 1620 हा संगणक आला. संगणक ही मोजक्या तज्ज्ञांची मक्तेदारी न ठेवता विद्यार्थ्यांना तो स्वतः हाताळू देण्याचे धोरण संस्थेने स्वीकारले. अन्य विद्यापीठांतील, प्रयोगशाळांतील व उद्योगांतील व्यक्तींसाठी दहा दिवसांचे अभ्यासवर्ग भरविण्यात आले. एका संस्थेतील यंत्राचा लाभ त्यामुळे देशभरातील अभ्यासकांपर्यंत पोहोचला. 1960 च्या दशकाच्या मध्यात, स्वतंत्र विभाग नसतानाही, विद्युत अभियांत्रिकीच्या अंतर्गत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. बी.टेक. अभ्यासक्रम मात्र 1978 साली आला. प्रथम पदव्युत्तर आणि नंतर पदवी हा क्रम उलटा वाटला, तरी त्यामागे तर्क होता; पदवीवर्गांना शिकविण्यासाठी आधी शिकविणारे घडणे आवश्यक होते.

पाठ्यपुस्तक : अध्यापनाचा विस्तार

परदेशी पुस्तके महाग आणि दुर्मीळ होती. वर्गातील अध्यापनातून राजारामन यांनी संगणक आज्ञावलीच्या तत्त्वांवर पाठ्यपुस्तक सिद्ध केले आणि ते विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीत उपलब्ध झाले. पुढे फोर्ट्रान, अंकात्मक पद्धती, संगणकरचना अशा विषयांवरील त्यांची पुस्तके अनेक पिढ्यांनी अभ्यासली. जेथे संगणक पोहोचला नव्हता, तेथेही पुस्तकाच्या रूपाने विषय पोहोचला.

एमसीए : विज्ञान व वाणिज्य पदवीधरांसाठी वाट

1980 च्या सुमारास केंद्र शासनाच्या मनुष्यबळविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी केलेले कार्य सर्वाधिक दूरगामी ठरले. अभियंत्यांवर विसंबून वाढती गरज भागणार नाही, हे ओळखून समितीने बी.एस्सी., बी.कॉम. अशा पदवीधरांसाठी एमसीए हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुचविला. 1984 च्या नव्या संगणक धोरणानंतर मागणी वाढली, तेव्हा पदवीची चौकट तयार होती. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांतही हा अभ्यासक्रम स्थिरावला. 2020-21 पासून त्याचा कालावधी दोन वर्षांचा झाला आहे.

या विस्ताराची मर्यादाही नोंदविली पाहिजे. वर्ग वेगाने वाढले, त्या प्रमाणात अध्यापक वाढले नाहीत. उद्योगातील वेतनाने उत्तम पदवीधरांना वर्गाबाहेर नेले. अध्यापक आधी घडविण्याचा कानपूरचा क्रम विस्ताराच्या काळात सुटला.

समारोप

1982 साली राजारामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. 1998 साली त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला. तथापि त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोजमाप सन्मानांत नाही. 2010 च्या विनियमांपासून आपल्याकडे अध्यापकाचे कार्य गुणांकांत मोजण्याची पद्धत रूढ झाली. अन्य अध्यापकांसाठी घेतलेला दहा दिवसांचा वर्ग किंवा गरीब विद्यार्थ्याच्या हाती पडलेले स्वस्त पुस्तक यांचे मोल अशा तक्त्यात कितपत सामावते, हा प्रश्न ही कारकीर्द आपल्यापुढे ठेवते. विषय रुजविणारे कार्य अनेकदा शोधनिबंधाच्या बाहेर घडते, याचे भान महाविद्यालयीन अध्यापकांनी आणि त्यांचे मूल्यमापन करणाऱ्यांनीही ठेवणे अगत्याचे आहे.