अपघाताचे कागद कुणाकडे मागायचे? एफआयआरपासून सविस्तर अहवालापर्यंत, दिवसांच्या हिशेबाने

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी कर्नाटकात. रात्री-अपरात्री वाटेत ट्रॉली उलटते, मागून ट्रक धडकतो. माणूस जातो तिकडे आणि रडणारे असतात इकडे, आष्टी, पाटोदा, धारूरच्या वस्तीवर. तेराव्यानंतर कुणीतरी विचारतं, "इन्शुरन्सचं काय केलं?" मग शोध सुरू होतो: गुन्हा कुठल्या ठाण्याला दाखल आहे, गाडी कुणाची होती, पंचनामा कुणाकडे आहे? तेवढ्यात एखादा 'कागद काढून देतो' म्हणणारा एजंट दारात हजर होतो.

यातले बहुतेक कागद मागायच्या आधीच तुमच्या हातात यायला हवेत, असं कायदा सांगतो. कोणता कागद, कुणी, किती दिवसांत द्यायचा, हे १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांत ठरलेलं आहे. नियम देशभर एकच असल्याने अपघात मिरजेला झाला काय आणि बेळगावला झाला काय, हिशेब तोच.

पहिला कागद : एफआयआर

फिर्याद देणाऱ्याला आणि पीडिताला एफआयआरची प्रत लगेच आणि फुकट द्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत. ठाणं लांब असेल तर हद्दीचा वाद न घालता जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. ती पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग होते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला, की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावी. दुर्गम भाग किंवा नेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. संवेदनशील गुन्हे यातून वगळले आहेत, पण नेहमीचे अपघात त्यात येत नाहीत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून एफआयआर शोधता येते. अपघात कर्नाटकातला असेल तर तिथल्या पोलिसांच्या वेबसाइटवर बघावं लागतं आणि मजकूर कानडीत असू शकतो.

प्रत हातात आली की आधी चार गोष्टी तपासा : गुन्हा रजिस्टर नंबर, अपघाताची तारीख-वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर. ट्रॅक्टरचा अपघात असेल तर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, दोन्ही नंबर नोंदलेत का ते बघा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विम्याचा प्रश्न पुढे तिथेच अडतो. नावात चूक असेल, आधारवर एक आणि एफआयआरमध्ये दुसरंच असेल, तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाबात दुरुस्ती करून घ्या.

दिवसांचा हिशेब : ४८ तास ते ९० दिवस

अपघातात माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर तपासी अंमलदाराला पुढचे टप्पे पाळावे लागतात :

• ४८ तास : प्रथम अपघात अहवाल (नमुना १). तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला जातो. त्याची प्रत पीडित कुटुंबाला, विमा कंपनीला आणि विधी सेवा प्राधिकरणाला द्यायची असते.

• १० दिवस : नमुना २. तुमचे हक्क काय आहेत आणि पुढची पद्धत कशी आहे, हे सांगणारा कागद. तो पोलिसांनी तुम्हाला आणून द्यायचा असतो.

• ३० दिवस : चालक आणि मालक यांनी आपापले नमुने भरून पोलिसांना द्यायचे.

• ५० दिवस : अंतरिम अपघात अहवाल (नमुना ५). याचीही प्रत कुटुंबाला मिळते.

• ६० दिवस : पीडिताचा नमुना (नमुना ६). हा तुम्ही भरायचा असतो. मयताचं वय, कमाई, घरात अवलंबून असलेली माणसं, दवाखान्याचा खर्च ही माहिती त्यात येते.

• ९० दिवस : सविस्तर अपघात अहवाल (नमुना ७). यात एफआयआर, घटनास्थळाचा नकाशा, फोटो, लायसन्स, आरसी, विमा पॉलिसी, आरटीओच्या निरीक्षकाने केलेली गाडीची तपासणी आणि पीएम रिपोर्ट किंवा जखमांचं प्रमाणपत्र, असं सगळं एकत्र असतं. दाव्याला लागणारा जवळपास प्रत्येक कागद या एका गठ्ठ्यात असतो.

गाडी किंवा माणसं दुसऱ्या हद्दीतली असली तर पोलीस न्यायाधिकरणाकडून मुदत वाढवून घेऊ शकतात. पण ती न्यायाधिकरणाने द्यावी लागते. 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' याला मुदतवाढ म्हणत नाहीत.

१५ डिसेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळायला सांगितलं आणि अपघात दाव्यांसाठी ठाण्यांमध्ये किंवा किमान शहर पातळीवर खास कक्ष उभारायचे निर्देशही दिले. म्हणून ठाण्यात गेल्यावर "कागद द्या" एवढंच म्हणू नका. "नमुना १ ची प्रत मिळाली नाही, नमुना ७ कधी दाखल होणार" असं विचारा. नमुन्याचा नंबर घेतला की उत्तर टाळणं अवघड जातं.

गाडी कुणाची, विमा कुठला?

मोटार वाहन कायद्याचं कलम १६० याच कामासाठी आहे. भरपाईचा हक्क सांगणारा माणूस किंवा विमा कंपनी यांनी मागणी केली, तर आरटीओने किंवा ठाणे प्रभारीने ठरलेली फी घेऊन गाडीचा तपशील आणि अपघातावेळी ती चालवणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा असतो. 'माहिती गोपनीय आहे' हे उत्तर पीडिताच्या कुटुंबाला लागू होत नाही.

मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला तर विम्याची मुदत दिसते, मालकाचं नाव मात्र अर्धवट झाकलेलं असतं. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. पण पूर्ण नाव-पत्त्यासाठी कलम १६० चा अर्जच करावा लागतो.

गाडी पळून गेली असेल तर

नंबरच नसेल तरी हात हलवत परत यायचं नाही. हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज ज्या भागात अपघात झाला, तिथल्या प्रांताधिकारी किंवा तहसीलदार दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गुन्हा नोंदवल्यापासून महिनाभरात गाडी सापडली नाही, तर ठाणे प्रभारीने या योजनेची माहिती आणि त्या अधिकाऱ्याचा पत्ता कुटुंबाला लेखी कळवायचा. असं पत्र आलं नसेल तर तेच पत्र मागा.

सहा महिन्यांची रेघ

१ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायची अट आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी पाठवलेला अहवालच दावा म्हणून धरायचा, असं कायद्यात आहे. तरी तो खरंच दाखल झाला का, हे न्यायाधिकरणात जाऊन विचारा. चौथा महिना संपला आणि काही हालचाल नसेल, तर असतील तेवढ्या कागदांवर दावा टाका. बाकीचे कागद न्यायाधिकरण मागवून घेऊ शकतं.

आणि यासाठी कोल्हापूर-बेळगावच्या चकरा मारायची गरज नाही. कलम १६६ नुसार तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो.

गावाला माहिती हवी असेल तर

आता दुसरी बाजू. फाट्यावर दर महिन्याला कुणीतरी जातं, गाव गतिरोधक मागतं आणि उत्तर येतं, 'हा ब्लॅकस्पॉट नाही'. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅकस्पॉट धरतात. म्हणजे मोजणी कागदावरची, आणि तो कागद सरकारकडे.

पोलीस, आरटीओ, आरोग्य आणि रस्ते विभाग मिळून 'आयरॅड' नावाच्या प्रणालीत प्रत्येक अपघाताची ठिकाणासह नोंद करतात. ही प्रणाली पहिल्यांदा ज्या सहा राज्यांत आली त्यात महाराष्ट्र होता. पण तिचं लॉगिन खात्यांकडे आहे, गावाकडे नाही. केंद्राचा वार्षिक अहवाल सगळ्यांना खुला आहे (२०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू), पण त्यात तुमचा फाटा सापडत नाही.

त्यासाठी माहिती अधिकार. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा, फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. मजकूर असा ठेवता येईल :

"अमुक रस्त्यावर किमी __ ते किमी __ या टप्प्यात गेल्या तीन वर्षांत नोंदलेल्या अपघातांची यादी मिळावी : तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा प्रकार, मृतांची संख्या, गंभीर जखमींची संख्या. व्यक्तींची नावं नकोत."

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहा. नावं मागितली की वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता असते. 'तपास चालू आहे' असं उत्तर आलं तर लक्षात ठेवा : माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे सांगावं लागतं, नुसता तपास चालू असणं पुरत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलेलं आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मिळालेली यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या.

जाता जाता

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत करा. एकीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आणि घरात एका वहीच्या पहिल्या पानावर अपघाताची तारीख लिहून ठेवा. सगळे दिवस तिथूनच मोजायचे आहेत.