शिक्षकांचे मनःस्वास्थ्य : विनोद आणि संगीताचा आधार

वर्गात राग आवरणे, कंटाळा लपविणे, घरची चिंता चेहऱ्यावर येऊ न देणे हा अध्यापनाचा अलिखित भाग होय. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामाला 'भावनिक श्रम' असे संबोधले. हे श्रम साचत गेल्यास भावनिक थकवा, विद्यार्थ्यांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच घडत नाही अशी भावना निर्माण होते. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी व्यावसायिक थकव्याची हीच तीन अंगे मानली आहेत.

विनोद या थकव्यावर उतारा ठरतो. मात्र प्रत्येक विनोद नव्हे. रॉड मार्टिन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसे जोडणारा विनोद आणि अडचणीतही स्वतःला सावरणारा विनोद मनाला बळ देतो. दुसऱ्याला टोचणारा विनोद नाती बिघडवतो, तर स्वतःची सतत अवहेलना करणारा विनोद खिन्नतेशी निगडित आढळतो. विद्यार्थ्याच्या आडनावावर किंवा बोलीवर केलेल्या कोटीने वर्ग हसतो, परंतु त्या हसण्याने शिक्षकाचा भार हलका होत नाही.

मराठी विनोदाची परंपरा तर बव्हंशी शिक्षकांनीच घडविली आहे. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक होते. आचार्य अत्रे पुण्यात मुख्याध्यापक होते. द. मा. मिरासदार यांनीही दीर्घकाळ अध्यापन केले. पु. ल. देशपांडे मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षक, तर बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या 'चितळे मास्तर' या व्यक्तिचित्रात थट्टा आहे, पण ती जिव्हाळ्याची.

पुलंच्या ठायी विनोदाला पेटीची साथ होती. 'देवबाप्पा' (१९५३) चित्रपटातील 'नाच रे मोरा' या गीताला त्यांचेच संगीत असून ते आजही शाळाशाळांतून गायिले जाते.

संगीताचा लाभ ऐकण्यापेक्षा एकत्र गाण्यात अधिक ठळकपणे दिसतो. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या वर्गांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गायनवर्गातील अनोळखी माणसे हस्तकला वा लेखनवर्गातील माणसांपेक्षा लवकर एकमेकांच्या जवळ आल्याचे आढळले. आपल्याकडे परिपाठाच्या वेळी विद्यार्थी गातात आणि शिक्षक बहुधा रांगा सांभाळतात. त्याच गीतात शिक्षकांनी सूर मिसळण्यास वेगळा खर्च लागत नाही.

अर्थात, कामाचा भार गाण्याने कमी होत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य शिक्षणबाह्य कामे शिक्षकांना देता येत नाहीत. थकव्याचे मूळ अशा कामांत असेल, तर तेथे विनोदाची नव्हे, कायद्याच्या अंमलबजावणीची आवश्यकता आहे.