अडलं तर विचारावं कोणाला?

संस्थांतल्या ज्ञान-व्यवस्थापनाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे: सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका, झेरॉक्स कंपनीची मशीनं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांपासून करा. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर त्यांच्याबरोबर हिंडले. त्यावरचं त्यांचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे पुस्तक १९९६ साली आलं. त्यांनी टिपलेला एक प्रसंग मुळातून वाचण्याजोगा आहे. एका मशीनवर दिसणारा बिघाडाचा कोड आणि इतर लक्षणं यांचा मेळ बसेना. पुस्तिकेतही त्यावर तोड नव्हती. तंत्रज्ञाने जाणकाराला बोलावलं. दोघं मशीन पुन्हापुन्हा चालवून पाहत राहिले आणि मागे कुठे, कधी असं झालं होतं त्याचे किस्से एकमेकांना सांगत राहिले. त्या तुकड्यांतूनच शेवटी निदान जुळून आलं.

दुरुस्तीचं ज्ञान असं गप्पांतून फिरतं, हे ओळखून झेरॉक्समध्ये १९९० च्या दशकात 'युरेका' ही व्यवस्था उभी राहिली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती पारखायची आणि लिहिणाऱ्याच्या नावानिशी ती सर्वांना खुली व्हायची. ते नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. नावामुळे युक्तीवर भरवसा बसतो आणि पुढच्या वेळी कोणाला गाठायचं तेही कळतं.

सिद्धान्तासाठी मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध वाचावाच लागतो: नवी माहिती बरेचदा जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. मॉर्टन हॅन्सन यांनी १९९९ साली एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या अभ्यासातून त्याला मोलाची पुस्ती जोडली. तोंडओळखीतून ज्ञान कुठे आहे ते सापडतं; पण ते गुंतागुंतीचं, कागदावर न उतरणारं असेल, तर हाती यायला घट्ट संबंध लागतात. कंपनीचं अंतर्गत सोशल नेटवर्क पहिलं काम उत्तम करतं. दुसरंही तेच करेल असं गृहीत धरलं जातं, आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच अपेक्षाभंगांचं मूळ मला तिथे दिसतं.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी एक कागद घ्या. गेल्या काही महिन्यांत कामात अडलात तेव्हा ज्यांना ज्यांना विचारलंत, त्यांची नावं लिहा; सहकाऱ्यांनाही लिहायला सांगा. संस्थांतल्या जाळ्यांचे नकाशे काढणारे संशोधक याच प्रश्नापासून सुरुवात करतात.