संकल्पातला पत्ता

आमच्या घरची देवपूजा अर्ध्या तासाची. आचमन, प्राणायाम झाला की हाती अक्षता घेऊन संकल्प. लहानपणी तो मी नुसता घोकला. इतिहास शिकवू लागलो तेव्हा उमगले, की हा तर पत्ता आणि तारीख! भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी. शकाचा आरंभ इ. स. ७८ चा.

पुढे कलशपूजन. तांब्याभर पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी अशा सात नद्यांना बोलवायचे. पंचायतनातही विष्णूचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा, शिवाचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदाचा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली त्या राज्याचे कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे बेळगावी. पाकिटावरचा पत्ता बदलत गेला. आजोबांच्या, वडिलांच्या आणि माझ्या संकल्पातला तसाच राहिला.

एकदा शेजारच्या कन्नड घरी सत्यनारायणाला गेलो होतो. भटजींचा हेल निराळा. पण शब्द कानी पडले ते ओळखीचे: दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक. क्षणभर वाटले, आपलाच पत्ता कुणी वाचून दाखवतो आहे.

सीमाप्रश्नावरचे माझे मत त्याने बदलले नाही. मात्र वर्गात इतिहास सांगताना ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे दोन शब्द तेव्हापासून मी जपून वापरतो.