मूळ पोथी हरवली. मग ज्ञानेश्वरी परत कशी मिळवली?

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे. प्रवरेकाठी आजही 'पैसाचा खांब' उभा आहे. त्याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. खांबावर करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख आहे. तो दगडात कोरलेला, म्हणून टिकला. सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी टिकली नाही. उरल्या त्या प्रतींच्या प्रती.

ईमेल सर्व्हरचा डेटाबेस बिघडला की व्यवस्थापकापुढे हाच पेच उभा राहतो. एखादा जुना, निर्दोष बॅकअप जसाच्या तसा बसवावा, की उरलेल्या साऱ्या प्रती ताडून अधिकात अधिक परत मिळवावे? बिघाड ध्यानी येईपर्यंत बिघडलेल्याचाच बॅकअप होत राहिलेला असतो, ही खरी मेख.

पोथ्यांचेही तेच झाले. लेखनिकाला जुना शब्द उमगला नाही की तो ओळखीचा शब्द घाली. कोणी समासातली टीप ओवीत मिसळी, तर कोणी भक्तिभावाने स्वतःचीच ओवी जोडी. जवळजवळ तीनशे वर्षे हे चालले.

शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी दुसरी वाट निवडली. आळंदीच्या समाधीची आणि अजानवृक्षाच्या मुळीची कथा सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यामागचे कष्ट अधिक मोठे वाटतात. पाठभेदांनी मलिन झालेला ग्रंथ त्यांनी प्रती ताडून शुद्ध केला. यापुढे कोणी आपली ओवी घालील, तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, असा सज्जड इशाराही शेवटी दिला. वाचकाला लिहिण्याची मुभाच काढून घेतली म्हणा ना!

एक उणीव मात्र राहिली. कोणता पाठ का सोडला, याची नोंद त्यांनी मागे ठेवली नाही. त्या काळी तसा प्रघातच नव्हता. परिणामी त्यांचा निर्णय तपासून पाहण्याची सोय उरली नाही.

पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीड भागात एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असे त्यांचे मत होते. त्यांनी पहिली वाट धरली: एकच प्रत, तीही शक्य तितकी जुनी. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. तिच्यातील भाषेची जुनी रूपे अभ्यासकांना मोलाची वाटली. पण एकाच साक्षीदारावर किती विसंबावे, हा वादही तिथूनच पेटला. माझे मत विचाराल तर भाषेसाठी राजवाडे आणि अर्थाच्या सलगतेसाठी एकनाथ.

राजवाड्यांनी आधाराला घेतलेली ती पोथी आज उपलब्ध नाही. तिचीही आता छापील प्रतच उरली आहे.